भिंतीपलीकडे गेलेली खिडकी

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. विश्वास बसतो म्हणून नाही, जेवताना आईला वाचून दाखवायला. आई मुन्सिपाल्टीच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाली. प्रत्येक अनुभवाच्या शेवटी ती भाकरी मोडता मोडता निकाल देते — "पित्त झालं असेल", "वायर लूज असेल", नाहीतर नुसतंच "रिकामटेकडा माणूस". आमच्याकडे हे पिढीजात आहे. आजोबा परभणीकडून मुंबईला आले ते बावीस प्रतिज्ञा पाठ करूनच. घरात देव नाहीत, श्राद्ध नाही, दृष्ट काढणं नाही. बाबा म्हणायचे, ज्या घरात देवाला जागा मिळाली नाही तिथे भुताला कोण विचारतंय.

तेव्हा मी हे लिहायला बसले याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. आईला आधी विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण झालं तेवढंच लिही, मीठमसाला नको." म्हणून तसंच लिहिते.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, जुन्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. मी आणि आई, दोघीच. मजल्यावर आमच्या शेजारी सावंत काकी. त्यांचं आणि आमचं घर एकमेकांचं उलटं — आमची आतली खोली आणि त्यांची आतली खोली यांच्यामध्ये एकच भिंत. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा विनय दोहाला. काकी सत्तरीच्या पुढे, एकट्या. विनय दर फोनवर सांगायचा, इकडे ये नाहीतर निदान रात्रंदिवस बाई ठेव, आणि काकी दर वेळी त्याला "बघूया" म्हणून गप्प करायच्या. दाराची चावी त्यांनी कधीच कोणाला दिली नाही. आमच्याशी इतका घरोबा, आईशी रोजचा चहा, पण चावी मागितली की विषय बदलायच्या. आणखी एक सवय — बाहेरगावी जाताना त्या दाराला कुलूप लावत नसत, नुसतं लॅच ओढून घेत. कुलूप दिसलं की चोराला कळतं घर रिकामं आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे काकी घरात आहेत की नाहीत हे बाहेरून कोणालाच कळायचं नाही. हे लक्षात ठेवा.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मे महिन्यात आमची बिल्डिंग अर्धी रिकामी होते, सगळे कोकणात. काकीही दरवर्षी जातात, आंबे-फणसाच्या दिवसांत, मालवणजवळ त्यांच्या दिराच्या घरी. त्या शुक्रवारी संध्याकाळी त्या निरोप घ्यायला आल्या. पहाटेची बस होती. दूध बंद केलं, पेपर बंद केला, वॉचमनला सांगितलं. पॅसेजमधल्या तुळशीला पाणी घालायचं काम आईकडे दिलं.

"बाई, तुम्हाला चालात ना? तुळस आसा म्हणून इचारतंय," काकी म्हणाल्या. आई शाळेत शिकवायची म्हणून त्या तिला बाईच म्हणतात.

"झाडाला पाणी घालायला मला काय होतंय," आई म्हणाली. "तुम्ही गुडघे सांभाळा. बसमध्ये मधल्या सीटवर बसू नका."

झालं. काकी गावाला गेल्या. म्हणजे, आम्ही असं धरून चाललो.

आता थोडं माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, अंधेरीला ऑफिस आहे, पण आठवड्यातले बहुतेक दिवस घरूनच काम करते. आतल्या खोलीत माझं टेबल आहे, डाव्या हाताला काकींची भिंत. टेबलावर तीन स्क्रीन — मधे मोठा मॉनिटर, डावीकडे एक उभा करून ठेवलेला, जवळजवळ भिंतीला टेकलेला, आणि उजवीकडे लॅपटॉप. मी काम करते ते एका जुन्या टेक्स्ट एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये. दिसायला अगदीच साधा, पण त्याची गंमत अशी की त्यातच कोड लिहून तो हवा तसा वळवता येतो. ज्यांना हे वेड आहे त्यांना माहीत असेल, खरं काम एक तास आणि एडिटर सजवणं चार तास. आई म्हणते, तुझं म्हणजे स्वयंपाक राहिला बाजूला आणि डबे घासत बसलीयस.

मला माउसला हात लावायचा कंटाळा आहे. त्यामुळे त्या शनिवारी सुट्टीचा मुहूर्त धरून मी एक गोष्ट करायला घेतली होती — एडिटरच्या खिडक्यांनी, म्हणजे स्क्रीनवर उघडणाऱ्या चौकटींनी, आपापली जागा स्वतः शोधायची. कोड उघडला की मधे. प्रोग्रॅमचे सटरफटर मेसेज डावीकडच्या उभ्या स्क्रीनवर. आणि माझ्या टिपणांची खिडकी उजवीकडे लॅपटॉपवर. पन्नासेक ओळींचं काम, फार नाही. सकाळचा चहा घेऊन बसले आणि अकराच्या सुमारास सगळं झकास चालायला लागलं. कोड मधे, मेसेज डावीकडे... आणि टिपणांची खिडकी गायब.

म्हणजे उघडत होती. खालच्या पट्टीत दिसत होतं की उघडी आहे. पण तिन्ही स्क्रीनवर कुठेच नाही. यात घाबरण्यासारखं काही नसतं, असं होतं कधी कधी. मॉनिटर काढला-लावला की एखादी खिडकी स्क्रीनच्या बाहेर जाऊन पडते. मी एडिटरलाच विचारलं की बाई कुठे आहे ती खिडकी, सांग.

हे आकडे कसे असतात ते सांगते, सोपं आहे. मधल्या मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य. तिथून उजवीकडे गेलं की पहिला आकडा वाढतो, डावीकडे गेलं की उणे होतो. खाली गेलं की दुसरा आकडा वाढतो. बस. एडिटरने सांगितलं की खिडकी डावीकडे आहे — डावा मॉनिटर जिथे संपतो तिथूनही बरीच पुढे, आणि खाली, टेबलाच्याही खूप खाली.

मी माझा कोड पुन्हा वाचला. त्यात टिपणांची खिडकी उजवीकडे ठेव असं स्पष्ट लिहिलं होतं. असा आकडा मी कुठेच दिला नव्हता. एडिटर बंद करून चालू केला — तोच आकडा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला — तोच. मग माझा सगळा कोड बाजूला काढून एडिटर कोरा चालवला, जणू आजच आणलाय. मेसेजची खिडकी शहाण्यासारखी मधे उघडली, कोडची खिडकी मधे उघडली. टिपणांची खिडकी गेली तिकडेच. डावीकडे, खाली, शेवटच्या अंकापर्यंत तोच आकडा.

हुकूम देऊन मी तिला जबरदस्तीने ओढून आणलं. मधल्या स्क्रीनवर ती आली, क्षणभर दिसली, आणि माझ्या डोळ्यांदेखत डावीकडे सरकत निघून गेली. लहान मूल आईचा पदर धरून ओढून नेतं ना, तसं. मला आता राग यायला लागला होता. खिडकी निदान जिवंत तरी आहे का, टाइप केलेलं घेते का, हे बघायला मी तिच्यावर जाऊन मराठीत बडवलं — कुठे गेलीस बाई. अर्थात मला काहीच दिसलं नाही.

माझ्या टीममधला निखिल गोरेगावला राहतो, त्यालाही हेच वेड. त्याला फोन लावला.

"तुझ्याकडे आधी डावीकडे अजून एक मॉनिटर होता का?" त्याने विचारलं. "काढलेला मॉनिटर कॉम्प्युटरच्या डोक्यात राहतो कधी कधी. त्याला वाटतं तो अजून तिथेच आहे."

"अरे डावीकडे भिंत आहे. मॉनिटर ठेवणार कुठे?"

"भिंतीच्या पलीकडे कोण राहतं?"

"सावंत काकी."

"मग काय, त्यांना जाऊन सांग ना, काकी आमची खिडकी परत द्या." आणि आम्ही दोघं हसलो. त्याने दोन-तीन गोष्टी करून बघायला सांगितल्या. केल्या. काही फरक नाही.

आई जेवायला बोलवायला आली. मी तिला निखिलचा विनोद सांगितला. ती हसली नाही. तिने विचारलं, "पलीकडे म्हणजे किती पलीकडे?"

ही तिची शाळेतली सवय. कोणी काही सांगितलं की पहिला प्रश्न — किती? मी म्हटलं, आकडे आहेत, त्यावरून काढता येईल. उभ्या मॉनिटरची रुंदी पट्टीने मोजली, त्यात किती ठिपके बसतात ते माहीत होतं, त्रैराशिक मांडलं. शिवणाच्या डब्यातली टेप आईनेच आणली. एक टोक तिने धरलं, एक मी. हिशोब भिंतीच्या पलीकडे साधारण तीन फुटांवर गेला. आणि खाली बघितलं तर — जमिनीच्या थोडं वर. कोणी जमिनीवर आडवं झालं तर डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर. हे असं मी तेव्हा मनात म्हटलं नव्हतं, हे नंतर सुचलेलं वाक्य आहे. तेव्हा मी फक्त म्हटलं, "काकींच्या आतल्या खोलीत, खाली."

आईने टेप गुंडाळून डब्यात टाकली.

"जा, बेल वाजवून ये," आई म्हणाली.

"अगं त्या गावाला गेल्यात."

"मला माहितीये. बेल वाजवायला काय लागतं?"

गेले. बेल वाजवली. दार कोणी उघडलं नाही. गावाला गेलेल्या माणसाच्या घरी कोण उघडणार? दाराला कान लावला, आतून काही नाही. मोबाइल लावला — स्विच्ड ऑफ. तेही बरोबरच, प्रवासात त्या फोन बंद ठेवतात, बॅटरी वाचवायला. दिराच्या घरचा नंबर आईकडे होता. तिथे रेंज नव्हती, दर मे महिन्यात नसतेच. सगळं कसं जागच्या जागी होतं. काळजी करायला एकसुद्धा कारण नव्हतं, तरी मी त्यांचा मोबाइल पुन्हा एकदा लावून बघितला.

परत येऊन मी टेबलाशी बसले. पुन्हा खिडकीला मधे ओढलं. पुन्हा ती सरकत डावीकडे गेली. या वेळी मी आकडासुद्धा विचारला नाही. उठले आणि खाली सेक्रेटरींकडे गेले.

आमचे सेक्रेटरी शहाभाई, माणूस चांगला, पण सोसायटीच्या भांडणांनी पोळलेला. जेवत होते.

"प्रज्ञाबेन, काकी तो गाव गेली ना," ते म्हणाले. "काल मला स्वतः सांगून गेली."

"मला दार उघडून बघायचंय. खालच्या चावीवाल्याला बोलवू."

"कसं उघडणार? मालक नाही, परवानगी नाही. उद्या घरातलं काही गेलं तर? तिच्या मुलाने मागे लीकेजवरून केवढा हंगामा केला होता, आठवतो ना? तुम्हाला कशावरून वाटतं ती आत आहे?"

आता काय सांगायचं? माझी टिपणांची खिडकी शेजारच्या घरात गेली आहे? मला स्वतःला कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याला आधी लिंबूपाणी दिलं असतं. आयुष्यभर आम्ही दुसऱ्याला पुरावा मागत आलो, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून दोन आकडे होते.

मी खोटं बोलले. म्हटलं, "मी कण्हण्याचा आवाज ऐकला. भिंतीतून."

शहाभाईंचा घास हातात राहिला. "पक्का?"

"पक्का."

त्यांनी तिथूनच विनयला दोहाला फोन लावला आणि माझ्याकडे दिला. विनय म्हणाला, "अगं प्रज्ञा, आई आता कणकवलीच्या वाटेवर असेल. टीव्हीचा आवाज असेल दुसऱ्या कोणाचा. उगाच दार नका उघडू, तिला कळलं तर ती मला फाडून खाईल." मी तेच खोटं पुन्हा सांगितलं. जास्त तपशील घालून सांगितलं — दोनदा आवाज आला, बाईचाच होता, आईनेही ऐकला. आई माझ्या मागेच जिन्यात उभी होती. खोटं बोलण्याबद्दल तिने मला लहानपणी पट्टीने मारलं आहे. ती पुढे आली, माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "विनय, मी बोलतेय. हो, मीही ऐकला. उघडू दे दार."

विनयने "नक्की ना?" एवढंच विचारलं. मग म्हणाला, "उघडा."

चावीवाल्याला लॅच उघडायला फार वेळ लागला नाही, पण तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं. काकी आत नसल्या तर? सोसायटीभर शोभा, विनयचा संताप, काकींचं तोंड कसं बघायचं. आणि खरं सांगते, हेच व्हावं असं मी मनातल्या मनात म्हणत होते. शोभा होऊ दे. वेडी ठरू दे मला.

दार उघडलं. हॉलमध्ये काकींची बॅग भरून ठेवलेली, वर शाल घडी करून. मोबाइल चार्जिंगला लावलेला, भिंतीवरचं बटण मात्र बंद. मी बॅगेकडे बघितलं आणि आतल्या खोलीत धावले.

काकी पलंग आणि लोखंडी कपाटाच्या मधल्या जागेत पडल्या होत्या, आमच्या भिंतीपासून तीनेक फुटांवर. शेजारी स्टूल कलंडलेलं. आदल्या संध्याकाळी, आमचा निरोप घेऊन घरी गेल्यावर, माळ्यावरची बरणी काढायला त्या स्टुलावर चढल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिला. खुब्याचं हाड मोडलं होतं, डोक्यालाही मार होता. तोंड कपाटाकडे, डोळे उघडे. मी "काकी" म्हटल्यावर त्यांची बुबुळं फिरली माझ्याकडे. मी त्यांच्याजवळ बसले आणि रडायला लागले. आईने मला बाजूला केलं, त्यांना हलवू नका म्हणून सगळ्यांना बजावलं, आणि अँब्युलन्स येईपर्यंत ओला रुमाल त्यांच्या ओठांना लावत बसली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अजून एक दिवस तशाच पडून राहिल्या असत्या तर बोलायला काही उरलं नसतं. आणि एक दिवस कसला — दूध बंद, पेपर बंद, कामवालीला सुट्टी. गावच्यांना वाटलं असतं त्यांचं निघणं लांबलं, त्या मुंबईतच आहेत, आम्हाला वाटलं असतं गावाला आहेत. आई रोज सकाळी त्यांच्या दाराबाहेर तुळशीला पाणी घालत राहिली असती. हा विचार अजूनही आला की मी काहीतरी दुसरं करायला उठते.

रात्री घरी आले तेव्हा कॉम्प्युटर तसाच चालू होता. टिपणांची खिडकी उजवीकडे लॅपटॉपवर, मी कोडमध्ये सांगितलं होतं अगदी तिथे, निमूट बसलेली. त्यात माझी एकच ओळ — कुठे गेलीस बाई, आणि पुढे लुकलुकणारी कर्सरची रेघ. खाली काही आहे का म्हणून मी स्क्रोल करून बघितलं. काही नव्हतं. बघितलं हे मात्र कबूल करते.

यानंतर आठवडाभराने काकींचं ऑपरेशन होऊन त्या जरा बसायला लागल्या होत्या. विनय दोहाहून आला होता, औषधं आणायला खाली गेला होता. मी एकटीच त्यांच्याजवळ बसले होते. तोवर बिल्डिंगमध्ये माझ्या कानांची कीर्ती पसरली होती. प्रज्ञाने भिंतीतून आवाज ऐकला. शहाभाईंनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्यासाठी फुलं टाकली होती.

काकी माझ्याकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "प्रज्ञा, तू खोटा बोललंस ना गो?"

"काय खोटं?"

"आवाज. माझ्या तोंडातून शबुदच फुटाक नाय. लय प्रयत्न केलंय, घसो बसलो होतो. मगे तू आवाज कसलो आयकलंस?"

मी काही बोलायच्या आधीच त्या पुढे सांगायला लागल्या, हे मला नीट लिहायचं आहे. तोपर्यंत मी ही गोष्ट आई सोडून कोणालाच सांगितली नव्हती. निखिलला फक्त खिडकी हरवली एवढंच माहीत होतं. आणि मी काय टाइप केलं होतं, हे तर आईलाही माहीत नव्हतं.

काकी म्हणाल्या, रात्र कशीबशी गेली. सकाळी ऊन आलं, मग त्यांना ग्लानी यायला लागली, डोळे मिटायला लागले. तेव्हा समोर कपाटाच्या दारावर, खाली, उजेड पडला. चौकोनी. पहिल्यांदा त्यांना वाटलं खिडकीतून कवडसा आला. पण त्या खोलीच्या खिडकीचे पडदे त्यांनी गावाला जायचं म्हणून ओढून घेतले होते. आणि त्या उजेडात एक बारीक उभी रेघ होती.

"लुकलुकत होती. दिसा, जाय, दिसा, जाय. थांबाकच नाय. मी तिच्याकडे बघीत रवलंय. वाटला, ही परत दिसता काय बघूया, मगे डोळे मिटूया. परत दिसा. मगे म्हटला, अजून एकदा बघूया." त्या थांबल्या, पाणी मागितलं, प्यायल्या. "उजेड मधीच गेलो, परत इलो. मगे त्येच्यार अक्षरां इली. मराठीत."

माझ्या हातातला पेला मी टेबलावर ठेवला.

"चष्मो नव्हतो, पण मोठी होती. कोणीतरी माका इचारी होता — कुठे गेलीस बाई." काकी हसल्या, त्या आजारपणातही हसल्या. "मी मनात म्हटला, खय जातंय, हयच आसंय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. एडिटर, आकडे, टेप, सगळं. त्यांना स्क्रीनबिन फारसं कळलं नसेल, पण त्या शांतपणे ऐकत राहिल्या आणि माझा हात धरून झोपल्या.

डॉक्टरांना मी आडून विचारलं. ते म्हणाले, डोक्याला मार लागला, अंगातलं पाणी कमी झालं की उजेड दिसतो, रेघा दिसतात, अगदी सामान्य गोष्ट आहे. बरोबर असेल. अक्षरांचं मी त्यांना सांगितलं नाही. निखिलला नंतर सगळं सांगितलं, तर त्याने रात्र जागून माझा कोड ओळ न ओळ तपासला, आणि त्याला तो आकडा कशातूनच काढता आला नाही. त्याने बरेच प्रयत्न केले. माझ्याकडूनही झाले. खिडकी पुन्हा एकदाही तिकडे गेली नाही.

आणि गेली असती तरी ती काचेवरच असणार ना? मॉनिटरच्या बाहेर खिडकी म्हणजे नुसता हिशोब. तिथे उजेड पडायला काही नसतं. हे मी स्वतःला हजार वेळा समजावलं आहे.

विनयचा आग्रह होता, घर विकून आईला घेऊन जायचं. काकींनी वॉकर धरून उभं राहून त्याला नाही म्हटलं. शेवटी तडजोड झाली — सकाळी एक बाई येते, आणि घराची चावी आमच्याकडे. काकींनी स्वतः आणून आईच्या हातात ठेवली. रात्री मात्र त्या पलीकडे अजूनही एकट्याच असतात.

मागच्या महिन्यात निखिलने मला एक उपाय पाठवला. एकच ओळ आहे, एडिटरच्या कोडमध्ये टाकायची. ती टाकली की कुठलीही खिडकी स्क्रीनच्या कडेबाहेर जाऊच शकत नाही, कितीही काही झालं तरी. ज्याला ज्याला हा त्रास झालाय तो हीच ओळ टाकतो म्हणे. रविवार होता, मी ती टाइप केली. आई मागे पलंगावर मेथी निवडत बसली होती.

"काय करतेस?"

"ते खिडकीचं. दुरुस्त करून टाकते कायमचं."

"म्हणजे पुन्हा पलीकडे जाणार नाही?"

"नाही जाणार. जाऊच शकणार नाही."

आईचा हात थांबला. ती काकींच्या भिंतीकडे बघत होती.

"आपण असलं काही मानत नाही, प्रज्ञा," ती म्हणाली.

"माहितीये गं."

"मग ते आहे तसं राहू दे," आई म्हणाली, आणि मेथी निवडायला लागली. मी ती ओळ खोडली.